शिकाऊ हात आणि दातांची तार

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दातांविषयीची पत्रे अगदी थोडी असतात. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांचीच गर्दी जास्त. परंतु गेल्या पंधरवड्यात आलेल्या एका पत्राने हा विषय घेणे भाग पाडले. पत्र तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचे आहे. मुलगी तेरा वर्षांची, वरचे दात पुढे आलेले, एक सुळा तर हिरडीत उंच चढून बसलेला. खासगी दवाखान्यात तारेचा खर्च ऐकून बाईंचे मन मागे सरले. दंत महाविद्यालयात हाच उपचार पुष्कळ कमी पैशांत होतो, असे कोणीतरी सांगितले. पण शेजारीण म्हणाली, "तिथं पोरं शिकतात. तुमच्या लेकीच्या दातांवर हात साफ करून घेतील." तेव्हा डॉक्टर, जावे की न जावे?

उत्तर आधीच देऊन टाकतो. जावे. पण केसपेपरवर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारूनच जावे. शेजारणीची भीती अगदीच खुळी नाही. ती चुकीच्या ठिकाणी आहे, एवढेच. भीती विद्यार्थ्याच्या हाताची बाळगायची नाही. त्या हातामागे कोण उभे आहे हे कोणी सांगत नसेल, तर त्याची बाळगायची.

मी दंतवैद्य नव्हे, साधा एमबीबीएस. पण आमच्यासारख्या गावात फॅमिली डॉक्टरला सगळेच विचारले जाते, आणि विचारले म्हणून मलाही वाचावे लागते. वेडेवाकडे दात सरळ होतात कसे, हे एकदा समजले की या उपचारात देखरेखीला इतके महत्त्व का, ते आपोआप कळेल. म्हणून आधी थोडे शरीरशास्त्र.

दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. या गादीत दात झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. तारेने दातावर हलका पण टिकून राहणारा दाब दिला की ज्या दिशेला दात रेटला जातो त्या बाजूची गादी दबते आणि तेथे हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात. उलट्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तेथे नवे हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. कृष्णेचे पात्र वळणावर जसे सरकते, एक काठ खचतो आणि समोरच्या काठावर गाळ साचतो, तसाच दात हाडातून सरकतो. हे प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले ते स्वीडनच्या सँडस्टेट यांनी, १९०४ च्या सुमारास, कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून.

या सरकण्याचा वेग पाहा. सगळे नीट चालले तर महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. पुढचे दात मागे घेण्यासाठी पुष्कळदा उपदाढा काढतात. त्यांची जागा साधारण सात मिलिमीटरची. म्हणजे नुसती ती फट भरून यायलाच सहा ते आठ महिने लागणार. आधी वाकडे दात ओळीत आणणे आणि नंतर चावा नीट बसवणे, हे धरले तर दीड ते अडीच वर्षे कुठे गेली नाहीत.

येथे लोकांचा एक लाडका गैरसमज आहे. "डॉक्टर, जरा जास्त आवळा ना, लवकर होईल." होत नाही. दाब जास्त झाला की त्या पातळ गादीतील बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. रक्त पोचले नाही की तेथील पेशी मरतात आणि गादीचा तो भाग काचेसारखा निर्जीव होतो. मग दात दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, जागचा हलत नाही. दुखतो मात्र भरपूर. शेवटी शरीर पलीकडच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत येते आणि वाट मोकळी करते. या भानगडीत कधी कधी दाताच्या मुळाचे टोकही झिजते. तारेच्या उपचारात थोडीशी झीज बहुतेकांची होते आणि तिने काही बिघडत नाही. परंतु जड दाब दीर्घकाळ राहिला, तर मूळ आखूड होऊन बसते, आणि आखूड झालेले मूळ पुन्हा वाढत नाही.

मग दाब किती असावा? गादीतील केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा जेवढा दाब असतो त्याहून तारेचा दाब जास्त नसावा, असा हिशेब श्वार्ट्झ यांनी १९३२ मध्येच मांडला होता. आज पाठ्यपुस्तकांत आकडे दिलेले असतात. दात नुसता कलता करायचा तर ३५ ते ६० ग्रॅम. मुळासकट उभाच्या उभा सरकवायचा तर ७० ते १२० ग्रॅम. आणि दात हाडात आत दाबायचा असेल तर अवघे १० ते २० ग्रॅम, म्हणजे आजच्या सराफाच्या भाषेत एक-दोन तोळे. औषधाला जशी मात्रा, तशी तारेलाही मात्रा असते. ती दातागणिक बदलते. समोरच्या बारीक दाताला जी चालते ती दाढेला पुरत नाही, आणि दाढेची मात्रा समोरच्या दाताला दिली तर त्याचे मूळ संपते.

आणखी एक गंमत आहे. दोन होड्यांना दोर बांधून एकीतून दुसरीला ओढले तर दोन्ही होड्या हलतात. दाढांचा आधार घेऊन पुढचे दात मागे ओढताना दाढाही पुढे येऊ पाहतात. त्यांना जागेवर धरून ठेवणे, हाच या शास्त्रातला अर्धा कस. तो तारेकडे पाहून शिकता येत नाही. जाणत्या माणसाने दर भेटीला मोजून पाहावे लागते. चार ते सहा आठवड्यांनी बोलावतात ते उगाच नव्हे. त्याहून लवकर पुन्हा जोर लावला तर झालेली झीज भरून यायला उसंत मिळत नाही, आणि फार उशीर झाला तर दात कुठल्या दिशेने निघाले आहेत हे पाहणारे कोणी राहत नाही.

आता विद्यार्थ्यांकडे वळू.

शिकल्याशिवाय डॉक्टर होत नाही, आणि माणसावर हात ठेवल्याशिवाय शिकणे होत नाही. मीही असाच शिकलो. इंटर्नशिपमध्ये असताना एका रात्री कोयता लागून पोटरी फाटलेले एक शेतकरी काका आले. माझे सर मला म्हणाले, "तू घाल टाके." पण त्याआधी ते काकांजवळ गेले आणि म्हणाले, "काका, हा शिकतो आहे. टाके हा घालणार, मी इथंच मागं उभा आहे. चालेल ना?" काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "चालंल की. तुमचा बी पहिला पेशंट कुणीतरी झालाच असंल." सात टाके पडले. सर पंधरा मिनिटे माझ्या खांद्यामागून हलले नाहीत.

टाक्यांचे काम पंधरा मिनिटांत उरकले. तारेचे काम दोन वर्षे चालते, आणि दोन वर्षे कोणते सर कोणाच्या मागे उभे राहणार? म्हणून तिथे सरांच्या जागी कागद उभा राहावा लागतो. कोणी पाहिले, काय ठरवले, किती दाबाची तार घातली, पुढच्या वेळी काय करायचे आणि हे सगळे कोणत्या अध्यापकाने तपासून सही केली, हे त्या कागदावर असले पाहिजे.

हिशेब करा. बीडीएस चार वर्षांचे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. पक्की तार बसवण्याचे काम बहुधा त्यापुढच्या एमडीएसच्या विद्यार्थ्यांकडे असते. हा विद्यार्थी बीडीएस झालेला, नोंदणी असलेला दंतवैद्य असतो हे लक्षात घ्या. तो नवखा असतो ते दात सरकवण्याच्या या विशेष कामात. एमडीएस तीन वर्षांचे. सुरुवातीचे महिने मेणात बसवलेल्या कृत्रिम दातांवर तारा वळवण्यात जातात. म्हणजे त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर जिच्या दातांना तार लागली, तिचे दात अर्ध्या वाटेवर असतानाच तो पास होऊन निघून जाणार. यात कोणाचा दोष नाही. अभ्यासक्रमाची लांबी आणि हाडाची चाल यांचा मेळ बसत नाही, एवढेच. दंत महाविद्यालयांत याला 'ट्रान्स्फर केस' असे रीतसर नावच आहे. अशी केस एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जे सांडते, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

आमच्या भागातल्या एका मुलीचे सांगतो. गाव, महाविद्यालय काही सांगत नाही. वडील एसटीत वाहक. चार उपदाढा काढून तार लावली होती. वर्षभर सगळे छान चालले, विद्यार्थिनी डॉक्टर मोठी गुणाची होती. ती परीक्षा देऊन गेली. वडील दोनदा रजा काढून मुलीला घेऊन गेले. दोन्ही वेळा "तुमच्या मॅडम गेल्या, आम्ही फोन करू" असे ऐकून परत आले. फोन आला नाही. पाच महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती हिरड्या सुजल्या म्हणून. ब्रॅकेटच्या कडेने दातांवर पांढरे डाग उमटले होते. पुढचे दात जिथे जायचे होते ती जागा पुढे कललेल्या दाढांनी निम्मी खाऊन टाकली होती. मी केसपेपरची प्रत मागवायला सांगितली. त्यावर शेवटची नोंद होती, 'रुग्ण येत नाही.' संमतिपत्र इंग्रजीत होते, वडिलांची सही मराठीत. अध्यापकाचे नाव लिहायची जागा कोरी.

मी विभागप्रमुखांना पत्र लिहिले. तेथील एका अध्यापकांनी मुलीला स्वतःकडे घेतले आणि पुढे काम उत्तम केले. पण वर्ष जादा लागले, आणि दातांवरचे डाग अजून आहेत. ती मुलगी हसताना ओठ मिटून हसते. पूर्वी पुढे आलेल्या दातांमुळे हसत असे, तशीच.

ती कोरी जागा मला खुपते. एक तुलना करून पाहा. गाडी शिकणाऱ्याला आपल्या कायद्याने कसे बांधले आहे? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सवाल्याच्या गाडीवर लाल 'एल' पाहिजे, आणि सोबत पक्के लायसन्स असलेला माणूस, गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला पाहिजे. रस्त्यावरच्या परक्या माणसालाही दुरून कळते की हा शिकतो आहे. रुग्णालयात मात्र पांढरा कोट सगळ्यांचा सारखाच. ज्याच्या तोंडात हात घातला जातो, त्यालाच तो 'एल' दिसत नाही.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नला केवळ तात्पुरती नोंदणी मिळते. वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते की इंटर्नने वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करावे, स्वतंत्रपणे नव्हे. आणि वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलिस प्रकरणाचा कागद आपल्या सहीने देऊ नये. वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये इंटर्नशिपचे नवे नियम केले, त्यांतही देखरेखीचे तत्त्व कायम आहे. दंतवैद्यकाला १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. तेव्हा नियम नाहीत अशी तक्रार मी करणार नाही. माझी तक्रार अशी की हे नियम महाविद्यालय आणि परिषद यांच्यामधले आहेत. तपासणीच्या दिवशी ते दाखवले जातात. खुर्चीत बसलेल्या मुलीच्या बापाला त्यातले अवाक्षर माहीत नसते.

दुसऱ्या देशांतही ही जाण सुखासुखी आलेली नाही. १९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी तापाने दाखल झाली आणि काही तासांत दगावली. रात्रभर तिला पाहत होते ते दोन शिकाऊ डॉक्टर. वरिष्ठांशी बोलणे झाले ते फोनवर. ती आधीपासून नैराश्यावरचे एक औषध घेत होती, त्याच्याशी न जमणारे दुसरे औषध तिला दिले गेले. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरले. चौकशी समिती बसली आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला. शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांहून अधिक राबवायचे नाही, हा त्यातला भाग जगभर गाजला, आपल्याकडच्या निवासी डॉक्टरांच्या तोंडीही तो असतो. पण त्याच नियमाचा दुसरा भाग, वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष रुग्णालयात हजर असले पाहिजेत हा, फारसा कोणी बोलून दाखवत नाही. माझ्या मते दोहोंतला मोठा भाग तोच. ताजातवाना शिकाऊ डॉक्टरसुद्धा शिकाऊच असतो.

इंग्लंडच्या न्यायालयांनी तर 'एल'चाच दाखला ओढला आहे. १९७१ मध्ये एका शिकाऊ वाहनचालकाच्या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने ठरवले की शिकणारा म्हणून सूट नाही. सावधगिरीची अपेक्षा निष्णात चालकाइतकीच. पुढे १९८६ मध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा खटला आला. नवख्या डॉक्टरने बाळाला नळी धमनीत घालायची ती शिरेत घातली, त्यामुळे प्राणवायूचे मोजमाप चुकत गेले. नवखेपणाची सबब तेथेही चालली नाही. तरीसुद्धा त्या नवख्या डॉक्टरला न्यायालयाने दोष दिला नाही, कारण त्याने वरिष्ठाला "एकदा पाहा" असे विचारले होते. ज्या वरिष्ठाने पाहूनही चूक ओळखली नाही, त्याच्यावर ठपका आला. बाळाची दृष्टी नेमकी कशाने गेली, या मुद्द्यावर वरिष्ठ सभागृहाने १९८८ मध्ये फेरसुनावणी सांगितली, तो भाग वेगळा. पण नवख्याने विचारावे आणि विचारल्यावर वरिष्ठाने अंग काढू नये, ही गोष्ट त्या निकालाने पक्की केली. आपल्या विद्यार्थी डॉक्टरांना हा निकाल पहिल्याच वर्षी वाचून दाखवावा. अध्यापकाची सही रुग्णाला वाचवते तशी विद्यार्थ्यालाही वाचवते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. जेथे सगळ्यांनाच सेवा मोफत, ती रुग्णालये त्यातून वगळली. पण जेथे काहींकडून पैसे घेतले जातात, तेथील मोफत रुग्णसुद्धा ग्राहक मानले. एका खासगी रुग्णालयातील परिचारिकेने बालकाला चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली, त्या प्रकरणात १९९८ मध्ये भरपाईची जबाबदारी न्यायालयाने रुग्णालयावरच ठेवली. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने संमतीविषयी बजावले की उपचार कोणता, कशासाठी, त्यात धोके काय आणि दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. त्या प्रकरणात प्रश्न शिकाऊ डॉक्टरांचा नव्हता. मी त्याच्या पुढे एक पाऊल टाकून म्हणतो, उपचार कोण करणार हासुद्धा माहितीचाच भाग आहे. आणि तारेचे पैसे घेणाऱ्या महाविद्यालयाला "आमची शिक्षणसंस्था आहे" असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

माझे म्हणणे फार मोठे नाही. विद्यार्थ्याच्या कोटावर 'विद्यार्थी डॉक्टर' असे मराठीत, ठळक अक्षरांत लिहावे. केसपेपरवर पहिल्याच दिवशी जबाबदार अध्यापकाचे नाव पडावे आणि विद्यार्थी बदलला तरी ते नाव बदलू नये. दात काढायचे ठरेल तेव्हा, पहिली तार चढेल तेव्हा आणि तार उतरवताना त्या अध्यापकाने रुग्णाला समोर बसवून सही करावी. विद्यार्थी जाणार असेल तर नव्याच्या हाती केस देताना मुलगी आणि तिचे पालक तिथे हजर असावेत. एखाद्याने "मला विद्यार्थी नको" म्हटले तर त्याची पाळी शेवटी टाकू नये. संमतिपत्र मराठीत असावे, हे तर सांगायलाही संकोच वाटतो.

माझे एक प्राध्यापक मित्र यावर चिडतात. म्हणतात, "एवढं सगळं सांगत बसलो तर पेशंट पळतील, आणि पोरं शिकायची कोणावर?" त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. अध्यापक थोडे, रुग्ण फार, खुर्च्या मोडलेल्या. पण पेशंट पळतील हे मला पटत नाही. सांगितल्यावर नकार देणारी माणसे मी फारच थोडी पाहिली. लोक पळतात ते न सांगता केल्यावर. आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत लांबच्या गावांहून एसटीने माणसे येतात, ती केवळ स्वस्त म्हणून नव्हे. तिथे मोठे सर आहेत, या भरवशावर येतात. तो भरवसा कागदावर उतरवायला हरकत काय?

विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाविद्यालयात तुमच्या मुलीच्या दातांचे प्लास्टरचे साचे होतात, क्ष-किरण फोटो मोजले जातात, उपचाराचा आराखडा विभागात सगळ्यांसमोर मांडून त्यावर वाद होतात. विद्यार्थी तासभर एका तोंडात डोके घालून बसतो. तालुक्याच्या दवाखान्यात हे होईलच असे नाही. तेथे पुष्कळदा तारेचे डॉक्टर महिन्यातून एक-दोन रविवारी शहरातून येतात, आणि मधल्या दिवसांत तार निसटली तर कोण हात लावते, हे विचारायला कोणाला सुचत नाही. तेव्हा प्रश्न फक्त महाविद्यालयाला विचारायचे असे समजू नका. पैसे जास्त मोजले म्हणून देखरेख जास्त मिळते, असे मी तरी पाहिलेले नाही.

फोटोंविषयीही एक शब्द. तारेच्या उपचारात चेहऱ्याचे, दातांचे फोटो काढावेच लागतात, आधीचे आणि नंतरचे. ते केसपेपरसाठी. रुग्ण ओळखू येईल असे फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नयेत, हा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेचा नियम आहे. हल्ली छापायची गरजच उरलेली नाही; फोटो मोबाइलमध्ये असतात आणि एका बोटाने शंभर ठिकाणी जातात. मुलगी तेरा वर्षांची असेल तर फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये राहणार, हे आईने मोकळेपणाने विचारावे.

तर बाईंनी असे करावे. पहिल्या भेटीत विचारावे, जबाबदार सर किंवा मॅडम कोण, आणि ते नाव आपल्या वहीत लिहून घ्यावे. विद्यार्थी कोणत्या वर्षात आहे आणि तो गेल्यावर पुढे कोण, हे विचारावे. दात काढायचे म्हणाले तर त्या अध्यापकांना भेटल्याशिवाय हो म्हणू नये, कारण तार उतरवता येते, काढलेला दात परत बसत नाही. हिरडीत अडकलेल्या सुळ्याचे मूळ शेजारच्या दाताला घासते आहे का, हे फोटोत दाखवून मागावे. दर भेटीची तारीख आणि काय केले ते आपल्याही वहीत टिपावे. 'रुग्ण येत नाही' या शेऱ्याला तेवढे एकच उत्तर असते. मुलीला एखादा दात हलतोय असे वाटले तर घाबरू नये, सरकणारा दात थोडा हलतोच. पण फार हलू लागला, किंवा तार आवळल्यानंतरचे दुखणे आठवड्याभरातही उतरले नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे. केसपेपरची प्रत मागायला लाजू नये. वैद्यकीय डॉक्टरांना तर २००२ च्याच आचारसंहितेने मागणीनंतर ७२ तासांत कागद देणे बंधनकारक केले आहे.

तार उतरली म्हणजे संपले, असेही नाही. हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि त्यांना नव्या जागेची सवय व्हायला वर्षाच्या आसपास लागते. म्हणून रिटेनर देतात. या वर्षात कोणाकडे दाखवायला यायचे, तेही कागदावर लिहून घ्यावे, कारण तोवर विद्यार्थी बहुधा बदललेला असेल. रिटेनर जेवताना काढला तर डबीत ठेवावा, कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेले रिटेनर हमखास कचऱ्यात जातात. आणि धुताना गार पाणीच वापरावे. उकळत्या पाण्यात घातला की त्याचा आकार बिघडतो आणि तो पुन्हा बसत नाही.